मुलांना चरित्रं वाचायला लावायचीत? मग पहिलं पान सोडून द्या

बऱ्याच घरांत चरित्राचं पुस्तक येतं ते शाळेतलं बक्षीस म्हणून नाहीतर वाढदिवसाला कुणीतरी दिलं म्हणून, आणि मग ते शोकेसमध्येच राहतं, कारण उघडलं की पहिलंच वाक्य असतं, अमुक यांचा जन्म अमुक साली अमुक गावी एका गरीब कुटुंबात झाला. सात वर्षांच्या पोराला १८५८ म्हणजे किती लांब हेच माहीत नसतं, त्या वाक्यात त्याला धरायला काही मिळत नाही, दोन ओळी वाचून ते पुस्तक ठेवून देतं आणि आपण सगळ्यांना सांगत सुटतो की आमच्याकडे वाचायची आवडच नाही.

मी आमच्या गावच्या वाचनालयात शनिवारी बालविभाग बघते. पहिली ते पाचवीची पोरं येतात, मराठी शाळेतली पण आणि इंग्लिश मीडियमची पण. तिथे एक गोष्ट सारखी दिसते. परीची किंवा सशाची गोष्ट संपली की मुलं पुस्तक मिटून उठतात, पण खऱ्या माणसाची गोष्ट असली की मध्येच थांबवतात आणि विचारतात, "मावशी, हे खरंच झालेलं?" हो म्हटलं की लगेच पुढचं सुरू होतं, मग तो कुठे राहायचा, मग त्याची आई ओरडली नाही का त्याला, मग तो आता कुठे आहे. या सगळ्याची उत्तरं त्याच पुस्तकात असतात, म्हणजे पान उलटायला मुलाला स्वतःचं कारण मिळतं, आपण मागे लागायची गरज राहत नाही. म्हणून मला वाटतं की वाचनाची गोडी लावायला चरित्रासारखं दुसरं काही नाही, फक्त ते मुलाच्या बाजूने उघडायला हवं.

मुलाच्या बाजूने म्हणजे कसं, तर तुमचं मूल आठ वर्षांचं असेल तर त्या मोठ्या माणसाच्या आयुष्यातलं आठव्या-नवव्या वर्षाचं पान शोधा आणि तिथून सुरू करा. जन्म, घराणं, आजोबा-पणजोबा हे सगळं आधी सोडून द्या. ते नंतर मुलं आपणहून मागे जाऊन वाचतात. हे करायचं तर पुस्तक आधी आपण वाचलेलं पाहिजे. रात्री मूल झोपल्यावर अर्धा तास काढा, लहानपणीचा एखादा चांगला प्रसंग सापडला की तो सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे कागदाची चिठ्ठी घाला. दुसऱ्या दिवशी फक्त त्या दोन चिठ्ठ्यांमधलं वाचायचं.

एक उदाहरण नीट सांगते कारण हे मुलांवर हमखास चालतं. सालिम अली, पक्ष्यांवर काम करणारे, जन्म १८९६ चा, मुंबईतले. लहान असताना त्यांच्याकडे खेळण्यातली एअरगन होती आणि तिने ते चिमण्या मारायचे. एकदा जी चिमणी पडली तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. असली चिमणी त्यांनी कधी बघितलेली नव्हती, म्हणून ते मामांकडे गेले, मामा म्हणजे अमिरुद्दीन तय्यबजी, चांगले शिकारी माणूस, पण त्यांनाही सांगता येईना.

इथे थांबायचं. पुस्तक मिटून मांडीवर ठेवायचं आणि विचारायचं, आता तू काय केलं असतंस? आमच्याकडे याला काय काय उत्तरं आली, कुणी म्हणालं गुगल केलं असतं, कुणी म्हणालं फोटो काढून बाबांना पाठवला असता, आणि मग एकाच्या डोक्यात आलं की अरे तेव्हा मोबाईलच नव्हता. मग सगळे गप्प, खरंच विचारात पडलेले. त्यानंतर पुढचं वाचायचं, की मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथे मिलार्ड नावाचे सेक्रेटरी होते, त्यांनी या पोराला हाकललं नाही तर कपाटाचे खण उघडून भुसा भरून ठेवलेले पक्षी दाखवले, एकेक करून, आणि चिमणी कुठली ते सांगितलं, वर वाचायला पुस्तकं दिली. एवढ्यावर गोष्ट संपत नाही, इथे ती सुरू होते, कारण हा मुलगा पुढे सगळं आयुष्य पक्ष्यांच्या मागे फिरला.

एखादी मुलगी मध्येच म्हणेल, पण त्याने चिमणी मारली ना, ते वाईट आहे. छान! तिथे "अगं तेव्हा चालायचं" असं म्हणून विषय मिटवू नका. हो, मारली, आणि पुढे त्यानेच पक्ष्यांची जंगलं वाचवायसाठी आयुष्यभर धडपड केली, एवढंच सांगा आणि सोडा. मोठी माणसं लहानपणी आपल्यासारखीच काहीबाही करतात हे कळलं की मुलांना ती माणसं जवळची वाटायला लागतात. आमच्याकडे ही गोष्ट झाल्यावर पुढच्या शनिवारी दुसरीतला एक मुलगा जुन्या वहीची पानं स्टेपल करून घेऊन आला, त्यात त्याने घरातून दिसलेले पक्षी लिहिले होते, "काळा, शेपटी लांब, तारेवर बसला, दोनदा उडाला परत तिथेच". हा कोतवाल होता. त्याला पक्ष्यांचं पुस्तक काढून दिलं तर जोडाक्षरांना अडखळत का होईना, कोतवालाचं पान त्याने पूर्ण वाचलं, कारण ते त्याला हवं होतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. चरित्र वाचताना तुलना करू नका. "बघ, ते दिव्याखाली बसून अभ्यास करायचे आणि तुला एवढं सगळं देऊन सुद्धा..." हे वाक्य तोंडात आलं तरी गिळून टाका. मी असं बघितलंय की चांगली हुशार मुलं कलामांचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात, कारण घरात ते नाव फक्त बोलणी खाताना ऐकलेलं असतं. मुलाच्या लेखी तो माणूस मग आईबाबांच्या पार्टीतला होतो. त्यापेक्षा कलामांचा पेपरवाला प्रसंग वाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली होती, त्यामुळे पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकायचे, आणि त्यांचा चुलतभाऊ शम्सुद्दीन पेपर वाटायचा त्याला ते गठ्ठे उचलायला कुणीतरी हवं होतं, ते काम छोट्या कलामने केलं आणि आयुष्यातली पहिली कमाई केली. चालत्या गाडीतून धप्पकन पडणारा गठ्ठा! मुलांना हे आवडतं, हसत हसत ऐकतात. "तू पण असे कष्ट कर" हे जोडायची काही गरज नाही, ज्याला जे घ्यायचं ते तो घेतो.

तसंच धोंडो केशव कर्वे यांचं. भारतरत्न, १०४ वर्षं जगले, महिला विद्यापीठ काढलं, हे सगळं मोठ्यांसाठी. मुलांसाठी प्रसंग हा की मुरूडचा एक मुलगा मित्रांबरोबर परीक्षा द्यायला चालत साताऱ्याला गेला, कोकणातून घाट चढून, कित्येक दिवस पायपीट करून, आणि तिथे पोचल्यावर परीक्षा घेणारे म्हणाले तू फारच लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. गेला तसा परत! हे वाचल्यावर मुलं इतकी चिडतात त्या परीक्षा घेणाऱ्यांवर की बस. कारण "तू लहान आहेस" हे वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं असतं. मोबाईलवर मॅप काढून मुरूड ते सातारा दाखवा, मधला सह्याद्री दाखवा, आपण गाडीने किती तासांत जातो ते सांगा, त्यातच भूगोल होऊन जातो.

अवघड प्रसंगांचं काय करायचं

हा प्रश्न पालक सगळ्यात जास्त विचारतात, आणि त्याला एका ओळीत उत्तर नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चरित्रं खरी असतात म्हणजे त्यात मृत्यू येणार, गरिबी येणार, मार येणार, जात येणार. लहान मुलांना हे सांगावं का? माझं मत आहे की सांगावं, वयाप्रमाणे कमी-जास्त करून, पण खोटं करून नाही.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे, १९०१ सालचा, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. वडील कोरेगावला नोकरीला, मुलं साताऱ्याला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी भेटायला बोलावलं. भाऊ आणि भाचा बरोबर. नवे कपडे शिवले, नव्या टोप्या, नवे बूट, पहिल्यांदाच आगगाडीचा प्रवास, पोरं नुसती हरखून गेलेली. मसूर स्टेशनला उतरले तर घ्यायला कुणीच आलेलं नाही, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने चौकशी केली, मुलं महार आहेत हे कळल्यावर तो बाजूला झाला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बरोबर चालणार या बोलीवर. जेवणाचा डबा जवळ होता पण पाणी नव्हतं, आणि रात्रभर कुणी पाणी दिलं नाही.

हा प्रसंग आठ वर्षांवरच्या मुलांना वाचून दाखवावाच असं मला मनापासून वाटतं. यात सुट्टी आहे, नवे कपडे आहेत, बाबांना भेटायची घाई आहे, म्हणजे मुलाला सगळं ओळखीचं आहे, आणि म्हणूनच पाणी न मिळणं त्याला आतून लागतं. मुलं विचारतात, "पण पाणी का नाही दिलं?" इथे "तेव्हा लोक तसे होते" असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. जातीमुळे दिलं नाही, ते चूक होतं, आणि हाच मुलगा मोठा होऊन महाडच्या तळ्यावर गेला आणि पुढे देशाची घटना लिहायच्या कामात त्याने सगळ्यात मोठा वाटा उचलला, असं सरळ सांगा. पुढचे प्रश्न येतील ते येऊ द्या. काही मुलं गप्प होतात, त्यांना पण गप्प राहू द्या, लगेच "मग काय शिकलास?" विचारून त्याचा धडा करू नका.

आनंदीबाई जोशींचं थोडं वेगळं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते काही दिवसांतच गेलं, १८८३ ला नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला, १८८६ ला डॉक्टर, आणि १८८७ ला एकविसाव्या वर्षी मृत्यू. हे सगळं सहा वर्षांच्या मुलीवर एकदम ओतायचं नाही. सहा-सात वर्षांना बोटीचा प्रवास पुरे, समुद्र, थंडी, नऊवारी नेसून अमेरिकेत वावरणारी मुलगी, तिकडचं जेवण चालत नाही म्हणून होणारे हाल. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला मात्र बाळाचं सांगावं, कारण त्याशिवाय तिला डॉक्टर का व्हायचं होतं तेच कळत नाही. आणि नवऱ्याने, म्हणजे गोपाळरावांनी, शिकवलं पण अभ्यासासाठी मारलं सुद्धा, हेही मोठ्या मुलांपासून लपवू नये. माणूस एकाच वेळी चांगलं आणि वाईट वागू शकतो हे मुलांना घरात रोज दिसतच असतं.

एवढंच बघा की दुःखद पान झोपायच्या आधी शेवटचं नसावं. सावित्रीबाईंचं १८९७ च्या प्लेगचं पान, मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि मग त्यांनाच प्लेग झाला, हे दिवसा वाचा, नंतर बोलायला वेळ असेल तेव्हा.

हाताला काम दिलं की वाचन टिकतं

काही मुलं बसूनच राहत नाहीत, त्यांना जबरदस्ती बसवून वाचायला लावलं तर पुस्तकाचाच राग यायला लागतो. त्यांच्यासाठी अशी माणसं निवडा ज्यांनी लहान मुलाला करता येईल असं काहीतरी केलं.

दादासाहेब फाळके यात एक नंबर. १९१३ ला राजा हरिश्चंद्र आला हे पाठ करण्यात मुलांना रस नसतो, पण त्याच्या आधी फाळकेंनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं शूटिंग करून त्याचा वेल कसा वाढतो याची छोटी फिल्म केली, ती बघून पैसे देणारे तयार झाले, हे सांगितलं की मुलं लगेच म्हणतात आपण पण करू. मग करा. कुंडी खिडकीत, जुना मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून कायम एकाच जागेवर, जागेवर खडूची खूण, रोज शाळेतून आल्यावर एक फोटो. वाटाणा वर यायला आठवडाभर लागतो, तोपर्यंत रोज एकेक पान वाचायचं. हरिश्चंद्रात रोहिदासाचं काम फाळकेंच्या स्वतःच्या मुलाने केलं, तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या माणसाने साडी नेसून ते काम केलं, त्यांची बायको सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सगळ्या युनिटच्या जेवणापर्यंत सगळं बघायच्या. शेवटी सगळे फोटो पटापट पुढे सरकवून बघितले की वेल हलत वर चढताना दिसतो, त्या वेळेपर्यंत पुस्तक वाचून झालेलं असतं आणि मुलाला ते कळलेलं पण नसतं.

गणिताची आवड असलेल्या मुलासाठी जयंत नारळीकर. लहानपणी बनारसला त्यांच्या घरात भिंतीवर फळा होता आणि त्यांचा मोरूमामा त्यावर एक गणित लिहून ठेवायचा, वर लिहायचा की हे जयंतसाठी आव्हान, आणि ते सुटेपर्यंत नाहीतर हार मानेपर्यंत ते तसंच राहायचं. फ्रिजवर एक छोटा व्हाइटबोर्ड लावा, रविवारी एक कोडं लिहा आणि पुसू नका. घरात मामा, काका, आजोबा कुणी असेल तर त्यांना लिहू द्या, आईबाबांनी लिहिलं की तो होमवर्क वाटतो.

आमच्याकडे आणखी एक खेळ चालतो, पिशवीचा. कापडी पिशवीत एकाच माणसाच्या वस्तू घालायच्या, मुलं हात घालून एकेक काढतात आणि कोण ते ओळखायचं. दुर्बीण नि छोटी वही, सालिम अली. झाडू आणि फुटकं मडकं, गाडगेबाबा. दोरीने बांधलेला पेपरचा गठ्ठा, कलाम. एकदा पिशवीतून नुसती एक घडी घातलेली साडी निघाली आणि कुणालाच येईना, तेव्हा सांगितलं की सावित्रीबाई शाळेत शिकवायला जाताना लोक त्यांच्यावर शेण नि चिखल फेकायचे म्हणून त्या बरोबर दुसरी साडी ठेवायच्या, शाळेत गेल्यावर बदलायच्या. एका मुलीने ती साडी परत उलगडून बघितली आणि तिने त्या दिवशी सावित्रीबाईंचंच पुस्तक घरी नेलं. घरी हा खेळ उलटा पण करता येतो, पुस्तक वाचून झालं की पिशवी मुलाने भरायची आणि ओळखायचं घरातल्यांनी. त्यासाठी त्याला पुस्तक परत चाळावं लागतं, वस्तू शोधाव्या लागतात, हेच तर हवंय.

सनावळ्यांचं टेन्शन घेऊ नका, पण एक करा. भिंतीवर लोकरीचा धागा लावा, एका टोकाला आज. मग मुलाचा जन्म, आईचा, आजीचा, पणजीचा माहीत असेल तर पणजीचा, अशा चिठ्ठ्या क्लिपने अडकवा. त्याच्यापुढे १९१३ राजा हरिश्चंद्र, १८९१ बाबासाहेबांचा जन्म, १८४८ सावित्रीबाईंची भिडेवाड्यातली शाळा. ती शाळा पणजीच्याही किती आधीची ते मुलाला डोळ्यांनी दिसतं. नवीन पुस्तक आलं की चिठ्ठी कुठे लावायची ते त्यालाच ठरवू दे.

वाचताना बारीकसारीक

पाच-सहा वर्षांपर्यंत आपण वाचायचं आणि त्याने चित्र बघायचं, बस, दहा मिनिटं खूप झाली. सातच्या पुढे "एक पान तू, एक पान मी", आणि गोष्ट रंगात आली असताना त्याचं पान येईल असं बघा. नवव्या वर्षानंतर प्रसंग अर्धा वाचून दाखवायचा आणि कुकर लावायला उठायचं. खरंच उठायचं. बाकीचं तो स्वतः वाचतो.

चुका प्रत्येक वेळी दुरुस्त करू नका. "हेलसिंकी" ला अडकला तर शब्द आपण सांगायचा आणि पुढे जायचं, परत म्हणायला लावायचं नाही. चरित्रात माणसांची, गावांची नावं फार असतात, ती वाचायच्या आधी मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून दोनदा बोलून घेतली की वाचताना अडखळणं खूप कमी होतं.

इंग्लिश मीडियमच्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना मराठी कळतं पण देवनागरी हळू वाचता येते, त्यांच्यासाठी गोष्ट आपण मराठीत सांगायची आणि पुस्तकातलं फक्त संभाषण त्यांनी वाचायचं. संभाषणाच्या ओळी छोट्या असतात, आवाज काढून वाचता येतात. आजी व्हिडिओ कॉलवर असेल तर एक पात्र तिला द्या.

मुलाने विचारलं की हे खरंच झालं का आणि आपल्यालाच खात्री नसेल तर "खरंच" म्हणू नका. दुसरं पुस्तक काढून दोघांनी बघायचं. काही स्वस्तातल्या संचांमध्ये सगळ्या थोर माणसांचं बालपण एकसारखंच असतं, सगळे लहानपणापासून हुशार, आज्ञाधारक, सत्यवचनी. असली पुस्तकं घेऊच नका, मुलं एका मिनिटात ओळखतात की यात दम नाही. घेण्याआधी दुकानात कुठलंही मधलं पान उघडून बघा, त्यावर कुणी काही करताना दिसतंय का की नुसती विशेषणं आहेत.

जिवंत माणसं पण घ्या

थोर म्हणजे फोटोला हार घातलेला, असं मुलांच्या डोक्यात बसायला नको. पेपरमधली कात्रणं गोळा करायला लावा. २०२४ ला पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ जिंकणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे, जो रेल्वेत नोकरी करतो, २०२५ ला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख, स्टीपलचेस पळणारा बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे. चार-पाच कात्रणं झाली की वहीत चिकटवून मधल्या जागेत दोन-दोन ओळी मुलानेच लिहायच्या. त्यातून मागे जाता येतं, कुसाळेंवरून खाशाबा जाधवांवर, कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. "गहाण म्हणजे काय?" हा प्रश्न नक्की येणार, तयारीत राहा.

आणि घरातल्या माणसाचं चरित्र मुलाला लिहू द्या. आजी, आजोबा, शेजारच्या काकू, पोस्टमनकाका, कुणीही. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि नंतर ऐकून लिहायचं. प्रश्न मात्र नीट काढून द्या. "तुमचं बालपण कसं होतं" विचारलं की आजी "छान होतं" म्हणून मोकळी होते. त्याऐवजी तुमच्या घरात पाणी कुठून यायचं, शाळेत पहिली छडी कशावरून खाल्ली, पहिला सिनेमा कुठे बघितला आणि कुणी नेलं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची. आजीला सांगून ठेवा की खरं खरं सांग, उपदेश नको. एकदा स्वतः लिहिलं की मुलाला कळतं की चरित्र लिहिणारा माणूस काय निवडतो आणि काय सोडतो, आणि मग छापील पुस्तक वाचताना तो जास्त बारकाईने वाचतो.

पुस्तकं कुठून आणायची

नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं स्वस्त आणि चांगली असतात, ग्रंथप्रदर्शनात त्यांचा स्टॉल असला तर चुकवू नका. अमर चित्रकथा मराठीत पण आहेत, ज्या मुलांना नुसता मजकूर बघून दडपण येतं त्यांच्यासाठी चित्रकथा बेस्ट, त्याला "कॉमिक्स काय वाचतोस" म्हणून नावं ठेवू नका. किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट वाचता येतात, त्यात माणसांवरचे छोटे लेख भरपूर आहेत, एका बैठकीत संपणारे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पण मराठी पुस्तकं फुकट आहेत, वाचायच्या पातळीप्रमाणे लावलेली. सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर भिलारला अर्धा दिवस ठेवा, पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली, मुलं कुठेही बसून वाचतात आणि कुणी उठवत नाही.

भेट द्यायची असेल तर आधी त्या मुलाकडे बघा. कृष्णराव अर्जुन केळूसकर नावाचे शिक्षक होते, मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी त्यांना रोज दिसायचा, त्यांनी त्याच्याशी बोलून ओळख करून घेतली, पुस्तकं द्यायला लागले, आणि तो १९०७ ला मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याला भेट दिलं. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्यांनी आधी मुलगा ओळखला, मग पुस्तक दिलं. आपल्याकडे उलटं होतं, दुकानात संच दिसला, डिस्काउंट आहे, उचला. सतत धावणाऱ्या मुलाला खेळाडूचं, सारखं "का" विचारणाऱ्या मुलीला शास्त्रज्ञाचं, घरातल्या वस्तू खोलून बसणाऱ्याला फाळके.

आणि गावात वाचनालय असेल तर कार्ड मुलाच्या नावाने काढा. बालविभागाची वर्गणी बहुतेक ठिकाणी एका पिझ्झापेक्षा कमी असते. सही त्याला करू दे, कपाटासमोर त्याला एकट्याला उभं राहू दे, पुस्तक निवडायला वीस मिनिटं लागली तरी घाई करू नका. तुम्हाला वाटत असेल शिवाजी महाराज घ्यावे आणि त्याने फुटबॉलवाला आणला तर तेच पुस्तक घरी न्या. चार पानं वाचून सोडलं तर परत करून दुसरं आणा, पूर्ण करायची सक्ती नको. एकच पुस्तक तिसऱ्यांदा नेत असेल तरी नेऊ द्या, आम्ही तिथे बसलेले लोक त्याला काही म्हणत नाही, उलट त्याच माणसाचं दुसरं एखादं पुस्तक काढून त्याच्या हाताशी ठेवतो.